नानांचा सूर आणि माझं बोट

ऑर्केस्ट्रात माणूस बसला की किस्से जमतातच, पण माझे मेले सगळे घाबरण्याचे! जळगावच्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी लॅपटॉपवर असतो. आवाजाला घुमारा देणं, मधेच वीज कडाडवणं, टाळ्या-शिट्ट्या, सगळं त्यातल्या सॉफ्टवेअरमधून. मालक आणि मुख्य गायक भास्करनाना. डॉक्टरांनी त्यांना बजावलंय, "वरचा सूर ताणलात, तर आवाज कायमचा जाईल." हे फक्त नानांना, त्यांच्या पत्नी अक्कांना आणि मला माहीत. वरचा सूर आला की नाना खालीच गातात, मी तो लॅपटॉपवरून चढवतो. लॅपटॉप अडला की नानांचं संपलंच! म्हणून मी कार्यक्रमाला उपाशी बसतो. जेवण जातच नाही हो.

*

जामनेरला श्रद्धांजलीची भजनं होती. सॉफ्टवेअर उघडलं ते आदल्या दिवशीच्या लग्नाची सेटिंग घेऊनच! पहिलं भजन संपलं, मी घुमाऱ्याचं बटण दाबलं, आणि हार घातलेल्या फोटोसमोर शिट्ट्या, टाळ्या! वारलेल्या आबांचा मुलगा तडक माझ्याकडे आला. म्हटलं, खाल्ला मार. तो म्हणाला, "राहू द्या भाऊ. आबांना ऑर्केस्ट्राचा लई नाद होता."

*

धुळ्याला भर मे महिन्यातलं लग्न. मांडवात लॅपटॉप तापला आणि स्क्रीन काळी! नाना वरच्या सुराला येऊन पोचलेले. ढोलकीवाल्या शकीलभाईंनी माझं तोंड पाहिलं आणि ढोलकी अशी काही कडाडवली की नाना गाणं टाकून नाचायलाच लागले. नवरदेवही नाचला.

नंतर शकीलभाई म्हणाले, "गजू, तेरा चेहरा देखके मेरेकू लगा, कोई मर गया!"

*

सावद्याला हळदीत नवरीचे मामा अडून बसले. "नाना, मशीन बंद करा, अस्सल आवाज ऐकू द्या!" नानांनी हसत माइक मामांच्याच हातात दिला. मामा इतके बेसूर, की मी गुपचूप त्यांचाच सूर लॅपटॉपवरून सरळ केला. गाणं झाल्यावर मामा छाती काढून म्हणाले, "बघा, याला म्हणतात बिगर मशीनचा आवाज!"

*

बोदवडचं रिसेप्शन. माझ्याकडे एक बटण आहे. दाबून धरलं की गायकाचा शेवटचा सूर स्पीकरमधून चालूच राहतो, बोट काढलं की थांबतो. तेवढ्यात नाना श्वास घेतात.

त्या दिवशी श्वास घेऊन नानांनी तोंड उघडलं, आवाजच आला नाही. हात गळ्याकडे गेला. परत प्रयत्न केला, नुसती हवा. मी इतका घाबरलो की बोट उचलेचना. सूर लांबत गेला. लोक उभे राहिले. "वा नाना! काय दम आहे!" टाळ्याच टाळ्या!

पहिल्या रांगेतून अक्का धावत माझ्यापाशी आल्या. त्या साक्रीकडच्या, घाबरल्या की तोंडात अहिराणीच येते. "भाऊ, सोड ते बटन! त्यासना आवाज गया!"

मी नानांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते. माइक तसाच तोंडाशी धरून त्यांनी माझ्याकडे बघत हळूच मान हलवली. नको, सोडू नको.