वरातीच्या घोडीचा फॉर्म

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही. बहिणीला तर नाहीच नाही. अकरा वर्षं ऑफिसात माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हालाच का? – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा एका लग्नाला गेले होते, तिथे पुन्हा तेच वाक्य कानावर पडलं आणि माझं डोकं फिरलं म्हणून असेल. "घोडी काय शांत आहे हो!"

शांत! कानाशी डीजे, पायाशी फटाक्यांची माळ, पाठीवर ऐंशी किलोचा नवरदेव, तोंडात घट्ट ओढलेला लगाम – आणि लोक म्हणतात शांत. तुमच्या कानाशी असं कुणी दोन तास वाजवलं तर तुम्ही शांत राहाल? की हलायची सोय नाही म्हणून गप्प उभे राहाल? मला त्या लोकांचा इतका संताप आला, की ताट तसंच ठेवून मी घरी निघून आले. रिक्षात बसल्यावर आठवलं, की हेच वाक्य मीही बोलले आहे. नुसतं बोलले नाही – कागदावर लिहून दिलं आहे.

जरा मागून सांगते.

मी नाशिकमध्ये जनावरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही घोड्यांच्या वागण्याचा अभ्यास करायचं ठरवलं. टांग्याचे घोडे, वरातीच्या घोड्या, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाघाटावर, पोरांना फेरी मारून आणणारी तट्टं. कल्पना चांगलीच होती, आजही मला ती चांगलीच वाटते. डॉक्टर घोड्याला दहा मिनिटं बघतो, आणि अनोळखी माणसापुढे घोडा दुखणं लपवतो. मालक मात्र त्याच्याबरोबर रोज राहतो. तेव्हा मालकालाच विचारायचं. खोगिराचा तंग आवळताना घोडी कान पाडते का? पोटाकडे वळून वळून बघते का? उभ्या जागी पुढच्या पायाने जमीन उकरते का? – असे चाळीस प्रश्न. प्रत्येकापुढे कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. ज्या फॉर्मात काळजीची उत्तरं जास्त, तिथे आठवड्याच्या आत आमचा डॉक्टर जाणार, फुकट.

म्हणजे त्या फॉर्मवर प्राण्याचा जीव अवलंबून होता. हे मला माहीत होतं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी सबबी सांगायला लागेन, माझा स्वभाव आहे तो.

फॉर्मच्या सूचना मी स्वतः लिहिल्या होत्या. त्यातली तिसरी अशी – उत्तरं फक्त मालकाची घ्यावीत, घरातल्या इतरांची नाहीत, आणि आपलं मत त्यात मिसळू नये. फार शास्त्रीय वाटली होती मला ती सूचना. सगळ्यांनी मान डोलावली होती.

पंचवटीत दगूभाऊंचा तबेला होता. घोडेवाल्यांमध्ये त्यांचा शब्द चालायचा, त्यांनी फॉर्म भरला की बाकीचे भरणार हे ठरलेलं. त्यांच्याकडे चिमणी नावाची पांढरी घोडी होती. शहरातल्या निम्म्या नवरदेवांच्या अल्बममध्ये ती असेल. मी ओट्यावर बसले, फॉर्म काढला, दगूभाऊ समोर. आणि गंमत बघा – पहिल्या प्रश्नापासून माणूस मला गिऱ्हाईक समजून बोलायला लागला. चावते का? "नाव नका काढू, मॅडम." बुजते का? "गरीब गाय हाय." जमीन उकरते का? "एकदम शांत, मॅडम. लहान लेकरू बसवा पाठीवर." मी कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही, अशा खुणा करत गेले.

ते खोटं बोलत होते असं मला म्हणायचं नाही. वीस वर्षं लग्नघरातल्या माणसांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता – घोडी शांत आहे ना? आम्ही चाळीस विचारले, त्यांना त्या चाळिसांतही तोच ऐकू आला.

मागे त्यांची बायको, कमलताई, कडबा तोडत होत्या. दगूभाऊ फोन घ्यायला रस्त्यावर गेले तशा त्या विळा ठेवून जवळ आल्या. "ताई, खरं लिहायचं का तुमाला?" म्हणाल्या. आणि उभ्याउभ्या सांगत गेल्या.

वरातीच्या दिवशी चिमणीला पहाटे एकदा पाणी मिळायचं, त्यानंतर नाही. कारण मागे एका लग्नात ती मांडवाच्या दारातच मुतली. वरपक्षाने तमाशा केला, अपशकुन झाला म्हणाले, दगूभाऊंना चारचौघांत नको नको ते बोलले. तेव्हापासून वरात म्हटली की दिवसभर घोडी कोरडी. घोडा असा कोरडा राहिला, की आतडं अडून जिवावर बेतू शकतं. नाशिकमध्ये बरेच जण असंच करतात, हे मला नंतर कळलं. आता सांगा, कुणावर चिडू? त्या माणसावर, की जनावर मुतलं म्हणून ज्यांचं नाक कापलं गेलं त्या सुशिक्षित, सूटबूट घातलेल्या वरपक्षावर? मी दोघांवर चिडते. पण ते सोपं आहे हो, दुसऱ्यावर चिडणं.

"तिला कळतं," कमलताई म्हणाल्या. "गोंड्याचं खोगीर बाहेर काढलं, की जाती न् रिकाम्या बादलीपाशी उभी राहती. पाय आपटती. पोटाकडं बघती. मागल्या महिन्यात दोनदा लोळली. हे लिहा ना, ताई."

माझ्या हातात पेन होतं. समोर फॉर्म होता. चाळिसाव्या प्रश्नाखाली चार रेघा मोकळ्या होत्या – इतर काही सांगायचे असल्यास. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "फॉर्म मालकाच्या नावाने असतो, कमलताई. त्यांचंच उत्तर घ्यावं लागतं."

"नाव त्यांचं हाय," त्या म्हणाल्या, "पन पानी तर मीच पाजती."

मी हसले. अजून ते हसू आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तोवर दगूभाऊ परत आले, मी सही घेतली, आणि त्या चार रेघा कोऱ्याच राहिल्या. निघताना प्रत्येक घरी द्यायची ती चिठ्ठी कमलताईंच्या हातात ठेवली – जनावराला त्रास झाल्यास या नंबरवर फोन करा. नंबर माझा.

इथवरचं कदाचित मी कुणाला तरी सांगू शकले असते. नियम होता, नियम पाळला, नियम चुकीचा होता. लोकांनी समजूतही काढली असती. पण नियमाचं कारणच नव्हतं ते.

खरं कारण असं – चिमणी आमच्याकडे ठरली होती. माझा भाचा नितीन, त्याचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. बहिणीने दोन महिने आधीच माझ्या मागे लकडा लावला होता, तुझ्या एवढ्या ओळखी आहेत घोडेवाल्यांत, ती पांढरीच आण, आणि शांत पाहिजे. मी मोठ्या तोऱ्यात ती ठरवून दिली होती. आता त्या चार रेघांत कमलताईंचं म्हणणं लिहिलं असतं, तर दोन दिवसांत डॉक्टर दारात गेला असता. दगूभाऊ बिथरले असते. घोडी दिली नसती. बहीण मला जन्मभर ऐकवत बसली असती. – एवढंच. एका जनावराच्या तहानेपुढे मी हे ठेवलं. काही फार मोठं ठेवलं असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी नितीन मारुतीच्या पाया पडून घोडीवर बसला आणि गंगापूर रोडवरून वरात निघाली. लॉन्सपर्यंत अंतर किती? चालत वीस मिनिटं. आम्हाला पावणेदोन तास लागले. दर पन्नास पावलांना मित्रमंडळी नाचणार, बँडवाला अडवून धरणार. मी चिमणीपासून चार हातांवर चालत होते. तिच्या ओठांच्या कडेला सुकलेला पांढरा फेस होता. नाकपुड्या ताणलेल्या. दोनदा तिने मान वळवून पोटाकडे बघितलं. ती पहाटेपासून कोरडी आहे, हे त्या दोनशे माणसांत दगूभाऊ सोडले तर मला एकटीला ठाऊक होतं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. शेजारीच रसवंतीवाल्याचं पाण्याने भरलेलं पिंप होतं. "थांबा" म्हणायला काय लागतं? मावशी होते मी नवरदेवाची, माझं ऐकलं असतं सगळ्यांनी!

चौकात वरात थांबली आणि चिमणी पुढच्या उजव्या पायाने रस्ता उकरायला लागली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. टाप डांबरावर खणखण वाजत होती. कुणीतरी ओरडलं, "अरे, घोडी नाचतेय!" झालं. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. मोबाइल वर झाले. ताशेवाल्याने तिच्या टापेचा ठेका धरला. माझ्या बहिणीने मला हाताला धरून पुढे ओढलं. आणि मी – तो प्रश्न जिने स्वतः टाइप केला होता, दुखऱ्या पोटाची ही पहिली खूण म्हणून जी इतरांना शिकवत होती, त्या मी – टाळ्या वाजवल्या. ठेक्यावर. तिच्या तोंडाकडे बघत. व्हिडिओत आहे ते. घरचे दर वाढदिवसाला लावतात तो व्हिडिओ, आणि मी चहा करायला आत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यनारायण होता. कथा चालू असताना माझा फोन थरथरला. दगूभाऊंच्या घरचा नंबर. मला कळलं का? हो, कळलं. दुसरं काय असणार होतं? आमचा डॉक्टर त्या दिवशी आडगाव नाक्यावर होता, पंधरा मिनिटांत पोचला असता. मी फोन पालथा घातला. बहिणीच्या सासरचे बसले होते सगळे, उठून कशी जाऊ? – बघा, सांगितलं होतं ना, सबबी सांगेन म्हणून. फोन तीनदा आला. तीनदा पालथा.

जेवणं आटोपल्यावर, दुपारी, मी उलट फोन केला. कमलताईंनी उचलला. पहाटेपासून पोटदुखीनं लोळत होती, म्हणाल्या. घामाने भिजली होती. "चिठ्ठीवर तुमचा नंबर होता, म्हनून लावला." आवाज चढला नाही त्यांचा, शिवी नाही, शाप नाही. चिमणी अकरा वाजता गेली होती. त्या वेळी मी प्रसाद वाटत होते.

तो फॉर्म मी बदलला नाही. उत्तरं मोजली तेव्हा वरातीच्या घोड्यांत चिमणी पहिली आली – सगळ्यात कमी त्रास, सगळ्यात समाधानी जनावर. सभागृहात पडद्यावर तिचा फोटो लावून मी ते वाचून दाखवलं. मालकांच्या निरीक्षणावर विश्वास ठेवला पाहिजे, असंही काहीतरी बोलले. पुढच्या रांगेत दगूभाऊ शाल-श्रीफळ घेऊन बसले होते. कमलताईंना कुणी बोलावलं नव्हतं. निमंत्रणाची यादी मीच केली होती.

वर्षभराने दुसरी फेरी आली. त्यात एक नवीन रकाना होता – मागच्या फेरीतलं जनावर दगावलं असल्यास कारण. मी त्याच ओट्यावर बसले. दगूभाऊंनी नवी घोडी आणली होती, तिची उत्तरं झाली, मग हा रकाना आला. मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वरातीत लगाम धरून तेच चालत होते, मला टाळ्या वाजवताना त्यांनी बघितलं होतं. मग हळूच म्हणाले, "ऊन लागलं तिला, मॅडम. उन्हानं गेली. तसंच लिहा."

कमलताई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मीही त्यांना काही विचारलं नाही.

मी रकान्यात ‘ऊन’ लिहिलं. खाली दगूभाऊंची सही घेतली, शेजारी माझी केली. नितीनचं लग्न जानेवारीत झालं. त्या आठवड्यात नाशिकला एवढी थंडी पडली होती, की भर दुपारच्या वरातीत बायका शालूवर स्वेटर घालून नाचत होत्या. मीसुद्धा.