तोफेचा उसना आवाज

दुसरीच्या वर्गाच्या बाईंना सगळी शाळा तोफबाई म्हणायची, आणि तेही तोंडावर. बाईंना त्याचा राग नव्हता, उलट त्या मिरवायच्या. त्यांनी "गप्प बसा" म्हटलं की शेजारची तिसरीसुद्धा गप्प बसायची. शाळेत प्रत्येक वर्गाला मोठा पडदा, टॅब आणि स्पीकर मिळाले, तेव्हा बाईंनी आपल्या पडद्यावर चक्क जुनी चादर टाकली. माझ्या आवाजाला वीज लागत नाही, म्हणाल्या.

पण बढाई कुणाची फार दिवस खपते? घशात गाठी निघाल्या, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तंबी दिली. सहामाही संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, समजुतीने म्हणाल्या, तोवर तुम्ही लायब्ररीत बसा, वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ. समजुतीचा हाच त्रास असतो बघा, भांडताही येत नाही. इथे तर तोंडच बंद! त्या दिवशी बाई घरी येऊन जेवल्या नाहीत. वर्ग गेला तर आपलं उरलं काय, हेच डोक्यात घोळत होतं.

ते ओळखलं सुनेने. दोघींचं सख्य तसं विळ्या-भोपळ्याचं, पण सासूचं न जेवणं तिला बघवेना. टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप तिने टॅबवर घालून दिलं, ते पडद्याला कसं जोडायचं हेही शिकवलं. मोठ्या बाईंनी आठवडाभराची मुदत दिली. शुक्रवारी मी वर्गात येऊन बसेन, मग काय ते ठरवू, असं ठरलं.

पहिला दिवस म्हणजे नुसता तमाशा. बाईंनी "गप्प बसा" टाइप केलं, तर मशीनने ते पाहुण्याला चहाचा आग्रह करावा इतक्या गोडीने म्हटलं. पोरं खो खो हसली. त्यातून त्या मशीनला च आणि ज कळेनात. चूल, चाक, चमचा, सरसकट चहातला च. जावई असो की जाळं, सरसकट जिभेतला ज. बाईंनी शब्द तोडून, जोडून, नाना तऱ्हांनी टाइप करून पाहिले. पण आपल्याकडे आवाज दोन आणि अक्षर एकच, ते बापडं तरी काय करणार! बाईंनी डोक्याला हात लावला.

मग एकदा त्यांचं लक्ष गेलं. पोरं हसत होती, पण हसताना पुस्तकात बघत होती. मशीनची चूक पकडायची तर शब्दावर बोट हवं ना! बोट ठेवून वाचा, बोट ठेवून वाचा, म्हणून बाईंनी आजवर घसा फोडला होता आणि एका पोराने ऐकलं असेल तर शपथ. त्यांनी लगेच पडद्यावर लिहिलं, की मशीन चुकलं की हात वर करायचा आणि तो शब्द आपण नीट वाचून दाखवायचा.

शुक्रवारी मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. पाण्याचा धडा होता. मशीन म्हणालं, "जगात पाणी पुष्कळ आहे," आणि ज असा काही लावला की सगळं पाणी टेबलावरच्या भांड्यात! भराभर हात वर झाले. त्यात एक हात मौनीचा होता. मौनी म्हणजे खिडकीजवळची मुलगी. वर्ष सुरू झाल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि ही मठ्ठच आहे असं म्हणून बाईंनी तिचा नाद सोडला होता. बाईंनी तिच्याकडे बोट केलं.

"मशीनचा जग पाण्याचा आहे," ती बारीक आवाजात म्हणाली. "पुस्तकातलं जग म्हणजे आपण राहतो ते." आणि तिने आख्खा परिच्छेद वाचून दाखवला, कुठेही न अडखळता.

मोठ्या बाईंनी मान डोलावली. वर्ग तुमच्याकडेच राहू दे, म्हणाल्या. तोफबाईंना आनंदाने भरून आलं. त्याच भरात त्यांनी टाइप केलं आणि मशीनने विचारलं, "मग इतके दिवस का नाही वाचलंस?"

मौनीने मशीनलाच उत्तर दिलं. "बाई ओरडायच्या. मला भीती वाटायची."

बाईंची बोटं थांबली. ज्या आवाजावर सगळी नोकरी मिरवली, त्याच्याखाली अशी किती पोरं दबून बसली असतील? त्यांना फार वाईट वाटलं, आणि मोठ्या बाईंसमोर लाजही वाटली. त्यांनी काहीतरी लांबलचक टाइप केलं आणि सगळं पुसून टाकलं. मग मशीनने एवढंच विचारलं, "आता वाटते?"

"आता नाही." मौनीने पहिल्यांदाच बाईंकडे सरळ पाहिलं. "पण तुमचा आवाज परत येणार आहे ना?"

बाईंनी टॅबवर एकेक अक्षर दाबत लिहिलं, आणि मशीनने वाचलं, "येईल. पण हळू येईल. घाबरू नकोस."

सगळा वर्ग कान टवकारून ऐकत होता. कुणाचाच हात वर झाला नाही.