देवजीच्या बांधावरचे उंदीर

हसायचं तर हसा, पण चहाचा कप खाली ठेवून हसा. माझ्या हातून त्या दिवशी काय झालं असतं, हे आठवलं की अजून घोट गिळवत नाही मला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बोरिवलीला राहायचो आणि उंदीर मारायचं औषध विकायचो. छोट्याशा कंपनीचा सेल्समन. वय सव्वीस, गळ्यात टाय, आणि तोरा असा की मला बघून उंदरांनी आपणहून गाव सोडावं!

आरे कॉलनीतल्या तबेल्यांत माझी फेरी असायची. तिथे पलीकडे, झाडीच्या कडेला वारल्यांचा पाडा. त्यातला देवजी एका तबेल्यात कामाला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. घराला लागून त्याचं थोडं भातशेत. कापणी नुकतीच झालेली. एका सकाळी त्याच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबलो, तर म्हणाला, "यंदा बांधात उंदीर लय झालाय, दादा. हा एवढाला!" आणि हातानं माप दाखवलं.

आता मला सांगा, यातून मी काय समजायचं?

"काळजी करू नका, बाबा. मी आहे ना!"

देवजी हसला. "मग उद्या ये जेवायला. लेक पण आलीय बाळंतपणाला."

लेकीचा आणि उंदरांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. तिथेच माझी वाट लागली!

तो कामावर गेला. मी बांधावर गेलो. पिठात तेल आणि आमची काळी पावडर कालवली, गोळ्या वळल्या आणि दिसेल त्या बिळात एकेक सरकवली. मोजून चाळीस बिळं. टाय घामानं भिजला. सांगितलं कुणालाच नाही. म्हटलं, गरीब माणूस आहे, उद्या बघून खूश होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऐटीत पोचलो. अंगणात चूल पेटलेली, वर मडकं रटरटतंय. देवजीची बायको मंगळी पानावर वाढत होती. समोर लेक सखू, दिवस भरत आलेले.

"काय बाबा, उंदीर मेले ना?" मी विचारलं.

"मेले कशाला?" देवजी ओट्यावरनं म्हणाला. "जिते धरले. बिळात धूर घातला, खणून काढले. भाजून, साफ करून मंगळीनं रस्सा केलाय. सखूला लय डोहाळे उंदराचे. बस, ती तुला पण वाढते."

सखूनं घास उचलला होता.

मी ओरडलो नाही, हो. ओरडायला वेळच कुठे होता! धावलो, तिच्या हातावर फटका मारला आणि मडकं लाथेनं उलटवलं. रस्सा मातीत गेला. सखू मागे सरकून भिंतीला टेकली. देवजीनं माझी कॉलर धरली.

"विष!" मी म्हणालो. "काल मी बिळांत विष घातलंय. तुम्हीच म्हणालात ना, उंदीर फार झालेत?"

देवजीनं कॉलर सोडली.

"अरे, मी काय तक्रार केली होती?" तो हळूच म्हणाला. "आनंद सांगितला तुला."

हे ऐकून मी मान खाली घातली, ती वर येईना. मी काय पाहिलं होतं त्या पाड्यात इतकी वर्षं? गिऱ्हाईक.

"कुठं घातलंस, दाखव," मंगळी म्हणाली.

गोळ्या घातल्या होत्या त्या वरच्या बांधावर तिला नेलं. ती उकिडवी बसली. एक बीळ बघितलं, दुसरं बघितलं. तोंडाजवळची ओली माती बोटानं चाचपली. मग माझ्याकडे वळली.

"ही उंदराची नाय. खेकड्याची बिळं हायेत."

"सगळी?"

"सगळी. उंदीर आम्ही खालच्या बांधातनं काढला. तो चांगला होता."

म्हणजे जे मातीत सांडलं, ते निर्मळ अन्न होतं. एका पोटुश्या बाईच्या तोंडचं.

मग हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून मी एकेक गोळी काढायला बसलो. देवजी शेजारी कुदळीनं खणत होता. चाळीसच्या चाळीस मिळून खोल पुरेपर्यंत आम्ही दोघं हललो नाही. सखूनं त्या दिवशी भाकरी मिरचीशी खाल्ली. मला पण दिली, तिनंच दिली. मी खाल्ली कशी, ते मला विचारू नका.

निघताना मंगळीनं विचारलं, "दादा, तुझं गाव कुठलं?"

"मालवणकडचं."

"तिकडं खेकडे खातात ना?"

"खातात म्हणजे? आम्ही कुर्ल्या म्हणतो. आमच्या घरी दर रविवारी लागतात."

"मग तू कुठनं आणतोस?"

"मार्केटातनं."

मंगळीनं माझ्या टायकडे बघितलं, चिखलानं भरलेल्या बुटांकडे बघितलं, आणि अगदी मायेनं म्हणाली,

"मार्केटातनंच आण, बाबा."