पडवीतली पेज

फिनेलचा वास आला की रत्नागिरी बंदराजवळची, पंचावन्न सालच्या आसपासची आमची गल्ली आठवते. शेजारची खलाशाची विधवा घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करायची आणि ज्यांची माणसं वादळातून परतली नव्हती त्यांच्यासाठी पडवीत पेज शिजवायची. एका पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि शिजवलेलं अन्न वाटायला बंदी झाली. नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, पेज अजून उकळतेय, हिच्यात कसला रोग राहील?" "हुकूम आहे, बाई," म्हणत त्याने टोपात फिनेल ओतलं. भांडी घेऊन आलेल्या बायका ती तशीच रिकामी घेऊन परतल्या. साथ ओसरली, बंदी उठली, पण ती पुन्हा तांदूळ मागायला गेली तेव्हा रोगाची धास्ती मनात बसलेल्या लोकांनी दारं लोटून घेतली. मी अजून त्याच गल्लीत राहते; शेजारी कोण उपाशी निजलं, ते आता कळत नाही.