चाचांचा उजवा हात

कारंज्याला शाळामास्तर असताना मी जुन्या बाजारातून एक विलायती वस्तरा घेतला. धार पार गेलेली. ती स्वतःच लावायची, असा हट्ट धरून मी गल्लीतल्या म्हाताऱ्या हज्जामाकडे शिकायला गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणत. पहिल्याच दिवशी मला एक कोडं पडलं. चाचांचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत होता आणि उजव्यावर मात्र दाट पांढरे केस होते. असं काहून, हे विचारायची लाज वाटली.

"दगडावर धार पुढं, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढं," चाचा म्हणाले. "आन् जोर नका देऊ, मास्तर. वस्तरा हाय, कुऱ्हाड नाई."

घरी बसून परजू लागलो, तेव्हा कोडं सुटलं. वस्तरा उजव्या हातात, म्हणून धार पाहायची ती डाव्या हाताच्या केसांवर! पण धीर धरणं माझ्या स्वभावातच नाही. दगडावर चार फेरे झाले की मी हातावर पाहायचो. धार यायच्या आधीच माझा डावा हात ओरबाडून साफ झाला.

चाचांकडे जाऊन म्हणालो, "आता धार पाहू कशावर?"

ते खोकला येईस्तोवर हसले. मग त्यांनी उजवी बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला.

"याच्यावर पाहा. माह्या वस्तऱ्याले हा हात कधी भेटलाच नाई."

मी पातं टेकवलं. जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेल्या त्या माणसानं डोळे घट्ट मिटून घेतले.