अकरा गोळ्यांचा कळप

माझ्या बायकोच्या चुलत आजोबांइतक्या शिस्तीत औषधं घेणारा दुसरा माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात कुणी दाखवला, तर मी नाव बदलीन. आबांचं वय ब्याण्णव, गोळ्या दिवसाला अकरा, अक्षरओळख शून्य, आणि हसनाबादच्या दोन खोल्यांत एकटा जीव. त्याच गावात मी! पन्नाशीत रक्तदाबाची एकुलती एक गोळी, तीही बायको ओरडल्याशिवाय घशाखाली उतरत नाही.

आबांनी उभा जन्म मेंढरं राखली. ती कधी मोजली नाहीत; संध्याकाळी नुसती तोंडं बघून कोण आलं नाही ते सांगायचे. गोळ्यांचंही तेच. सकाळी घोंगडीवर बसून पितळी ताटलीत गोळ्या ओतायच्या आणि एकेकीची हजेरी घ्यायची. रक्तदाबाची ती बुटकी, साखरेची चिरवाली, घशात अडकणारी ती हट्टी. हट्टीला गिळण्याआधी दोन शिव्या ठरलेल्या. डॉक्टरांनी नवी गोळी लिहिली की ती आधी आबांच्या तळहातावर ठेवावी लागते. आबा ती उलटीपालटी करतात, हुंगतात, नाव ठेवतात, मगच ती कळपात येते. डॉक्टर बिचारे बारसं उरकेपर्यंत गप्प बसतात.

गेल्या उन्हाळ्यात आबा नळापाशी चक्कर येऊन पडले आणि जालन्याहून मुलगा धावत आला. आता एकटं राहायचं नाही, जालन्याला चलायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं. आबा ऐकेनात. मग आठवड्याच्या खणांची प्लास्टिकची डबी आणून त्यानं स्वतः चिठ्ठी वाचत सगळ्या गोळ्या भरल्या आणि अट घातली, की गोळ्यांत एक जरी चूक झाली तर सामान बांधायचं. मुलगा कचेरीत मोठा साहेब, तेव्हा त्याच्या भरण्यावर शंका कोण घेणार? मी साक्षीदार म्हणून समोर बसलो होतो.

आबांनी सोमवारचा खण उघडला, क्षणभर पाहिलं आणि एक गोळी बोटानं बाजूला सारली.

"ही आपल्यातली न्हाई."

डॉक्टरांनी नवी दिली असेल, मुलगा वैतागून म्हणाला.

"मला दाखवल्याबिगर देत न्हाईत ते. चल, इचारू. तवर मी गिळत न्हाई."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्या गोळीचं आणि बुटकीचं, अशी दोन्ही पाकिटं चष्म्याजवळ धरली. औषध एकच, कंपन्या दोन. दुकानदारानं या खेपेला बुटकी दुसऱ्या कंपनीची दिली होती, आणि चिरंजीवांनी जुनी शिल्लक नि नवी, दोन्ही भरल्या होत्या. दुप्पट औषधानं आबा पुन्हा आडवे झाले असते. अटीप्रमाणे चूक झाली होती खरी, फक्त ती साहेबांची. यांच्या गोळ्या यांनाच बघू द्या, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. वा रे आबा! मला फेटा उडवावासा वाटला. फेटा नव्हता, म्हणून रुमाल उडवला.

परत निघताना मुलाचं तोंड एवढंसं झालं होतं. आबांनी घराच्या दारात त्याचा दंड धरला.

"पाव्हणा म्हणून बोलाव, महिनाभर राहीन. सांभाळायला म्हणून नेऊ नको."

मुलानं मान हलवली, वाकून पायांना हात लावला आणि जीपमध्ये बसला. जीप वळेपर्यंत आबा ताठ उभे राहून हात हलवत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. मुलाला ते दिसलं नाही. मला दिसलं, आणि मीही जीपकडे बघून हात हलवला.