बिनदाराच्या घरातली आत्या

शनिशिंगणापुरात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर तेल, रुईच्या माळा आणि काळी कापडं विकणारी जी बाई गिऱ्हाइकाला ‘घ्यायचं असंल तर घ्या, न्हाईतर वाट सोडा’ असं तोंडावर सांगते, ती जया. वय छत्तीस. दुकान वडिलांचं, भीमाबापूंचं. पण बापू आता गल्ल्यापेक्षा खाटेवरच जास्त असतात आणि दुकानात आवाज चालतो तो जयाचा. देवाला आलेली माणसं दर्शन उरकलं की बिनदाराची घरं बघायला निघतात. बापूंचं घर दुकानाच्या पाठीमागंच, त्यामुळं ती नेमकी तिथं येतात, पडदा बाजूला सारून रिकाम्या चौकटीत फोटो काढतात आणि विचारतात, “खरंच दार नाही? मग भीती नाही वाटत?”

जया म्हणते, “दाराचीच वाटती.”

लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई विनोदी आहे.

जया विनोद करत नव्हती. लग्न होऊन ती राहुरीकडच्या एका वस्तीवर गेली, तेव्हा कडी असलेल्या घरात ती पहिल्यांदाच राहिली. नवरा कामावर, सासू रानात. नवी सून घरात एकटी, कुणी यायला-जायला नको, म्हणून सासू निघताना बाहेरून कडी घालायची. तशी ती बाई वाईट नव्हती; तिच्या सासूनंही तिला तसंच ठेवलं होतं. पण जया दिवसभर दाराच्या फटीशी बसून राहायची आणि दुपार झाली की तिचा श्वास कोंडायचा. वर्ष सरायच्या आत ती माहेरी आली ती आलीच. गाव म्हणालं, नवऱ्यानं टाकली. जया म्हणाली, “मला कुनी टाकलं न्हाई. म्याच टाकून आले.” पुढं कुणी स्थळ आणलं की ती एवढंच विचारायची, घराला दार हाय का? विषय तिथंच मिटायचा.

अशा बाईच्या पदरात तिची भाची, संस्कृती, आली. जयाचा धाकटा भाऊ रविराज आणि त्याची बायको मोनिका, दोघंही बंगळूरला नोकरीला. मोनिका नगर शहरातली, शिकलेली आणि मायाळू. पोरगी आठ महिन्यांची असताना पाळणाघरात सारखी आजारी पडायला लागली, तेव्हा रविराज म्हणाला, दोन महिने गावी ठेवू. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. कधी मोनिकाची नोकरी बदलली, कधी घर बदललं, कधी पोरीला कांजिण्या आल्या. संस्कृती दुकानातल्या पोत्यांवर झोपली, तेलाचे डबे धरून उभी राहिली आणि बोलायला लागली ती ‘न्हाई’ म्हणत.

तिचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे चौकटीचा तो फुलाफुलांचा पडदा. जयानं पडद्याआड जायचं आणि म्हणायचं, “बुवाऽऽ…” पोरीनं श्वास धरून थांबायचं. मग पडदा सारून जया म्हणायची, “कुक!” आणि पोर हसून लोळायची.

आई तिला माहीत होती ती मोबाईलमधली. संध्याकाळी भाकरीचा घास मोबाईलच्या काचेला लावून ती म्हणायची, “मम्मी, आ कर.” पलीकडं मोनिका आ करायची आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायची. जयाला ते दिसायचं. तिला वाईट वाटायचं, आणि फोन बंद झाल्यावर पोर आपल्या मांडीवर आली की बरंही वाटायचं.

यंदा शिमगा झाला आणि रविराजचा फोन आला. जूनपासून पोरीचं नाव तिकडच्या बालवाडीत घातलं होतं. “तूच घेऊन ये ताई. आठवडाभर राहा. ती राहिली तर ठेवू. नाहीच राहिली तर अजून वर्षभर तुझ्याकडं असू दे.”

जया म्हणाली, “बरं.” आणि मनात म्हणाली, राहायची न्हाई. पोरीचे निम्मे कपडे तिनं घरातच ठेवले.

शेजारच्या रतनबाई एकदा लेकाबरोबर विमानात बसून आल्या होत्या. त्यांनी सल्ला दिला, “इमान वर चढताना पोरीला कायतरी चघळाया दे. आन रडली तर लोकाकडं बघू नको.” मोनिकानं फोनवर बजावलं, “ताई, डायपर घालाच हं.” जयाला ते पटलं नाही. शू आली की सांगणारी पोर. तिला उलटं शिकवायचं व्हय? डायपर तिनं पिशवीच्या तळाशी घातले ते तिथंच राहिले.

शेजारच्या अमृतच्या टेम्पोतून दोघी शिर्डीच्या विमानतळावर पोचल्या. तिथलं काचेचं दार माणूस जवळ आलं की आपोआप सरकायचं. संस्कृती चारदा आत-बाहेर करून आली. “हे दार शानं हाय,” जया म्हणाली, “मानूस बघून हलतं.” पहिल्यांदाच कुठल्या दाराबद्दल तिच्या तोंडून चांगला शब्द निघाला असेल.

तिचा आनंद विमानात बसेपर्यंत टिकला. पट्टा बांधताना संस्कृतीनं असा गळा काढला की पुढच्या रांगांमधली डोकी वळली. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला गृहस्थ हिंदीत म्हणाला, जरा गप्प करा तिला. जया म्हणाली, “तुमीच करून दावा.” तो बिचारा खिडकीकडं बघायला लागला. तेवढ्यात पुढं विमानाचं दार लागलं. जाड, दणकट दार, आणि ते आतल्या माणसाला उघडता येणार नव्हतं. जयाच्या छातीत तीच जुनी दुपार उतरली. पोर रडत होती म्हणून बरं, नाहीतर जयाच उठून उभी राहिली असती. तिनं राजगिऱ्याची वडी मोडून निम्मी पोरीच्या तोंडात घातली आणि निम्मी आपल्या.

वर गेल्यावर पोर शांत झाली आणि म्हणाली, “आत्या, शू.”

विमानाच्या शेपटाकडं एवढंसं न्हाणीघर होतं. दोघी आत शिरल्या. आत अंधूक उजेड. जयानं दार लोटलंच नाही. पाय मध्ये घालून उघडं धरलं. बाहेर दोन बाप्ये उभे होते, ते अवघडून छताकडं बघायला लागले. हवाईसुंदरी धावत आली आणि हिंदीत म्हणाली, दार लावून आतून कडी सरकवा, मगच पूर्ण दिवा लागेल. जयानं मान हलवली. “असंच ऱ्हाऊ द्या की. ल्हान लेकरू हाय.” ती मुलगी म्हणाली, तसं चालत नाही. आणि तिनं बाहेरून दार ओढून घेतलं.

मग मात्र संस्कृतीनं टाहो फोडला. कळायला लागल्यापासून तिनं असं कोंडणारं दार पाहिलंच नव्हतं. ती हातांनी दारावर मारायला लागली. जयाच्या कपाळाला घाम फुटला. ती ओरडणारच होती. पण पोरीचं तोंड बघून तिला कसं कोण जाणे सुचलं. तिनं पोरीच्या तोंडावरून पदर टाकला आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, “बुवाऽऽ…”

पोर गप्प झाली. श्वास धरून थांबली. जयानं स्वतःचे डोळे गच्च मिटले आणि चाचपडत कडी सरकवली. लख्ख दिवा लागला. पदर काढून ती म्हणाली, “कुक!”

पोर हसली, आणि हसता हसता जयाच्या साडीवरच शू केली.

बंगळूरला मोनिका गर्दीत सगळ्यांच्या पुढं उभी होती. ती खाली बसली, दोन्ही हात पसरले. संस्कृतीनं तिच्याकडं पाहिलं, मग जयाकडं पाहिलं आणि म्हणाली, “आत्या, मोबाईल दे. मम्मीला दाव, ही कोन हाय.” मोनिकाचे हात तसेच राहिले. जयाला भरून आलं. तरी आतून कुठंतरी वाटलं, जमतंय आपलं.

घर अकराव्या मजल्यावर. दार लोटलं की खट् करून आपोआप लागायचं. ते लागलं की पोर रडायची, “आत्या, भाईर चल.” मोनिकानं सुट्टी घेतली होती, ती खेळणी मांडून बसायची, पण पोर जयाच्या मागं लपायची. दुपारी जया दाराला पायपोस अडकवून उघडं ठेवायची आणि पोरीला घेऊन उंबऱ्यात बसायची. मोनिका हळूच म्हणायची, “ताई, दार लावून घेत जा. बाहेर जिना आहे.” जया म्हणायची, “व्हय,” आणि दुसऱ्या दिवशी पायपोस परत तिथंच.

चौथ्या दिवशी जया उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. संस्कृती तिच्या अंगावरून बाहेर गेली. जयानं पाहिलं. हाक मारायला हवी होती. पण पोर दाराबाहेर निघाली याचं तिला क्षणभर बरं वाटलं, आणि तिनं खाली मान घालून दोन काड्या आणखी निवडल्या. मग वर पाहिलं तर पोर नव्हती.

मोनिका तिच्या आधी धावली. जिन्याच्या वळणावर उघडी खिडकी होती, खाली कुंडी. संस्कृती कुंडीवर चढून, पोटावर ओणवी होऊन, खाली बघत होती. मोनिकानं तिला मागून उचललं आणि पायरीवरच बसली. पोर घाबरून रडायला लागली आणि मोनिकाच्या कुशीतून तिनं जयाकडं हात पसरले. मोनिकानं मुकाट्यानं तिला जयाकडं दिलं. मोनिका रागावली असती, दोन शब्द बोलली असती, तर जयाला सोसलं असतं.

संध्याकाळी आतल्या खोलीत मोनिका रविराजला सांगत होती. आवाज फुटत होता. “नेऊ दे ताईंना परत. माझ्याकडं नाही राहायची ती. मला ती ओळखतसुद्धा नाही.”

जयाला जे हवं होतं ते झालं होतं. पोर मांडीवर झोपली होती, आणि गावी तिचे निम्मे कपडे तिची वाट बघत होते. पण तिला त्या मेथीच्या दोन काड्या आठवत होत्या. सासूनं कडी घातली तेव्हा जयाचा जीव गेला नव्हता. आज जयानं दार उघडं ठेवलं, तर पोरीचा गेला असता. आणि ते नुसत्या सवयीनं ठेवलं नव्हतं, पोर इथं रुळू नये म्हणूनही ठेवलं होतं, हे फक्त तिलाच माहीत होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

ती खोलीच्या दाराशी गेली. “मोनिका, मला दोन दिस दे. मंग सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोरीला मोनिकाच्या मांडीवर बसवलं, स्वतः आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. कडीही घातली. “बुवाऽऽ…” पोर किंचाळत धावली. आत जया भिंतीला टेकून, घामानं निथळत उभी. “कुक!” दार उघडलं. पोरीनं नाकावर बोट ठेवून विचार केला आणि म्हणाली, “परत.”

मग दिवसभर तेच. मग मोनिका दाराआड आणि पोर जयाकडं. मग जया मोठ्या दाराबाहेर आणि पोर मोनिकाजवळ. दर वेळी ‘बुवा’ आणि ‘कुक’ यांच्यामध्ये जया थोडं जास्त थांबायची. थांबायच्या वेळात पोर मोनिकाचा ड्रेस मुठीत धरायची. संध्याकाळी तिनं भाकरीचा घास मोनिकाच्या खऱ्या तोंडाला लावला. “मम्मी, आ कर.” मोनिकानं आ केला, पण या वेळी तोंड फिरवलं नाही. जया स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसली.

जायच्या दिवशी मोनिका म्हणाली, “ताई, ती झोपल्यावर निघा. नाहीतर फार रडेल.”

“झोपंत टाकून जाया मी काय चोर हाय?” जया म्हणाली. “आमच्या गावात चोर नसत्यात.”

रविराज बॅग घेऊन आधीच खाली गाडीपाशी गेला. जयानं पोरीचा पापा घेतला आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. मी गावी चालले, हे सांगायला तिनं तोंड उघडलं, तोवर संस्कृतीनं दोन्ही हातांनी दार ढकललं. तिचं तिनं, खदखदून हसत. खट्.

खेळच तो. जयाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “बुवाऽऽ…”

आत सामसूम. पोर श्वास धरून थांबली होती, हे जयाला दाराअलीकडूनही कळत होतं. ती उभी राहिली. बोलली असती तर दार उघडावं लागलं असतं, आणि दार उघडलं असतं तर तिला जाता आलं नसतं.

“आत्या?” आतून आवाज आला. “आत्या, कुक म्हन.”

मग मोनिकाचा आवाज, रडवेला, पण मोठ्यानं काढलेला. “कुक!”

मग पोर म्हणाली, “तू न्हाई. आत्यानं म्हनायचं.”

जयानं लिफ्टचं बटण दाबलं. एरवी ती लिफ्टमध्ये कुणाचा तरी हात धरूनच चढायची. आज एकटी आत शिरली. दार दोन्ही बाजूंनी सरकत आलं आणि बंद झालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बंद दाराचं बरं वाटलं. अकरा मजले खाली जाईपर्यंत तिला मोठ्यानं रडता येणार होतं.